दुसरा होकार

आपल्या धाराशिव जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत एक नवा सोहळा रुजला आहे. लष्करातून निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या जवानाची मिरवणूक वेशीपासून निघते. उघडी जीप, फुलांच्या पाकळ्या, पुढे हलगी नाहीतर बँजो, चौकात जवानाचा गणवेशातला फ्लेक्स आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘सेवापूर्ती सोहळा’. आईवडिलांना व्यासपीठावर मानाने बसवतात, पत्नीला साडीचोळी देतात, सरपंचांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सारे बोलतात. अशा चार-दोन सोहळ्यांना मी गेलो आहे आणि मला ते मनापासून आवडले आहेत. ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही, तिथल्या माणसाने पंधरा-वीस वर्षे बर्फात आणि वाळवंटात काढून सुखरूप घरी यावे, याचा आनंद गावाने नाही करायचा तर कुणी करायचा?

या गोष्टीचे दुसरे टोक म्हणजे भरती. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे आपण सगळेच पाहतो. त्यातला एखादा भरती झाला की घरात गोडधोड होते, औक्षण होते. बोललेला नवस फेडायला कुटुंब तुळजापूरला जाते. कुणी ख्वाजा शमशोद्दीन गाझींच्या दर्ग्यावर चादर चढवतो. पुढे प्रशिक्षण संपले की बेळगावसारख्या रेजिमेंटच्या केंद्रात कसम परेड होते. तिथे बँड असतो, राष्ट्रध्वज असतो, पलटणीचे निशाण असते आणि धर्मगुरू आपापले ग्रंथ घेऊन उभे असतात. अलीकडे अनेक केंद्रांत मातापित्यांच्या छातीवर गौरव पदकही लावले जाते. शेतात राबलेल्या बापाच्या सदऱ्यावरचे ते पदक पाहून कुणाचेही डोळे पाणावतील.

म्हणजे जाताना सोहळा आहे आणि येतानाही आहे. पण या दोन टोकांच्या मध्ये सैनिकाला आणखी एकदा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागते. ठरलेली मुदत संपत आली, की मुदतवाढ घ्यायची की घरी जायचे, हे त्याला लेखी सांगावे लागते. त्या वेळी बँड नसतो, ध्वज नसतो, आईवडीलही नसतात. पलटणीच्या कार्यालयातले एक टेबल आणि एक कागद, एवढेच असते. मला आज या मधल्या होकाराविषयी लिहायचे आहे. कारण माझ्या मते सैनिकाच्या आयुष्यातला सर्वांत जाणता होकार तोच असतो, आणि आपण त्याच्याकडेच पाठ फिरवली आहे.

आधी पहिल्या होकाराकडे पाहू. १९५० च्या लष्कर कायद्याच्या सतराव्या कलमात सैनिकाच्या शपथेत काय असावे हे सांगितले आहे. कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारतीय राज्यघटनेशी खरी निष्ठा बाळगीन. जमिनीवरून, समुद्रावरून किंवा आकाशातून, जिथे हुकूम होईल तिथे जाईन. आणि जिवावर बेतले तरी वरिष्ठांची आज्ञा पाळीन, असा तिचा आशय आहे. या कलमात एक छोटा पण मोलाचा शब्द आहे, ‘किंवा’. शपथ किंवा प्रतिज्ञा. मंत्र्यांच्या शपथविधीत कुणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणतो, कुणी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणतो. तशीच मोकळीक घटनेच्या पहिल्याच वर्षी केलेल्या या कायद्याने साध्या शिपायालाही दिली. देवाला साक्षी ठेवायचे की स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला, हे ज्याचे त्याने ठरवायचे. कसम परेडचा थाट बघताना हा ‘किंवा’ मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

‘समुद्रावरून’ हा शब्दही त्या कलमात उगाच आलेला नाही. कंपनी सरकारच्या बंगाल फौजेतल्या अनेक शिपायांना समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे वाटे. १८२४ साली ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर निघण्यावरून बराकपूरच्या छावणीत बंड झाले. त्याच्या कारणांत समुद्रप्रवासाची धास्तीही होती. ते बंड गोळ्या घालून मोडून काढले गेले. पुढे १८५६ मध्ये कायदा करून बंगाल फौजेतल्या प्रत्येक नव्या शिपायाला, हुकूम होईल तिथे, समुद्रापारही जाण्याचे बंधन घालण्यात आले. वर्षभरात सत्तावनचा उठाव झाला. त्यामागे कारणे अनेक होती, त्यांतले हे एक. ज्याने शपथ घ्यायची त्याच्या मनात काय आहे हे न विचारता शपथेचे शब्द ठरवले, तर ती शपथ ऐन वेळी टिकत नाही, एवढे त्यातून दिसले.

शपथ नाकारण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला, काहींना ती घेण्याचा हक्कही झगडून मिळवावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या मुंबई फौजेत लढलेल्या महार समाजाची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात, ‘लढवय्या जाती’ नावाच्या एका खुळापायी बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच ती मोडलीही. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा कुठे ते दार पुन्हा उघडले. मराठा पलटण शिवछत्रपतींचा जयजयकार करीत चढाई करते, तर महार रेजिमेंटची रणगर्जना ‘बोलो हिंदुस्थान की जय’ ही आहे. परंपरा आकाशातून पडत नाही; माणसे ती केव्हातरी निवडतात, एवढेच यातून मला सुचवायचे आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर इथली लष्कराची परंपरा साताऱ्याइतकी जुनी नाही. साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. आपण मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि जिल्ह्याचे तेव्हाचे नावही सातव्या निजामावरून पडले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली, ती नळदुर्गाच्या वाटेने. त्या दिवशी नळदुर्गजवळ शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग लढताना धारातीर्थी पडला आणि पुढे अशोकचक्राचा पहिला मानकरी ठरला. पंजाबातून आलेला हा सैनिक आपल्या मातीत पडला तेव्हा राज्यघटना लागू झालेली नव्हती; ज्या शपथेखाली तो लढला त्या शपथेत तिचे नाव असणे शक्यच नव्हते. समोरच्या बाजूला निजामाशी इमान राखण्याची शपथ घेतलेले शिपाई होते. पाच दिवसांत ते राज्य संपले आणि दीड वर्षाच्या आत इकडच्या शपथेतला राजाही गेला.

त्याच काळात दुसऱ्या होकाराचे एक उदाहरण घडले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. १९४७ मध्ये फौजेची वाटणी झाली तेव्हा अधिकाऱ्यांना आणि जवानांना कुठल्या देशाच्या सैन्यात राहायचे ते विचारले गेले. ही मोकळीक सगळ्यांना सारखी नव्हती. पाकिस्तानच्या हद्दीत घर असलेल्या मुसलमानाला भारत निवडता येत नव्हता आणि भारतात घर असलेल्या बिगरमुसलमानाला पाकिस्तान. पण भारतात घर असलेल्या मुसलमानापुढे दोन्ही वाटा खुल्या होत्या. मोहम्मद उस्मान हे बलुच रेजिमेंटचे अधिकारी. त्यांची रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. रूढी आणि रेजिमेंटचा जिव्हाळा पाहता त्यांनी तिकडे जावे असेच कुणालाही वाटले असते. उस्मान इथेच राहिले. काश्मीरच्या लढाईत झांगड परत मिळेपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असा त्यांनी पण केला आणि १९४८ च्या मार्चमध्ये तो पुरा केला. ३ जुलै १९४८ रोजी झांगडलाच तोफगोळ्याने त्यांचा बळी घेतला. ज्या होकारावर हे सारे उभे होते, तो कसला समारंभ करून दिलेला नव्हता. एका माणसाने आपल्या मनाशी ठरवले आणि तसे कळवले.

अमेरिकेत या दुसऱ्या होकाराला स्वतंत्र समारंभ असतो. मुदत संपून पुन्हा नाव नोंदवणारा सैनिक शपथ कुठल्या अधिकाऱ्याकडून घ्यायची, कुठे घ्यायची हे बहुधा स्वतःच ठरवतो. बायकामुले शेजारी उभी असतात. तिथेही रूढी आणि मर्जी यांची टक्कर झालीच. २०१४ मध्ये नेवाडा राज्यातल्या हवाई तळावरच्या एका सार्जंटने पुनर्नोंदणीच्या कागदावरचे ‘देवा, मला साह्य कर’ अशा अर्थाचे शेवटचे शब्द खोडले, कारण तो देव मानत नव्हता. हवाई दलाने त्याचा कागद स्वीकारला नाही. प्रकरण कायदेतज्ज्ञांपर्यंत गेले आणि त्याच सप्टेंबरात हवाई दलाने ते शब्द गाळण्याची मुभा दिली. हा माणूस आधीच वर्षानुवर्षे नोकरी केलेला होता आणि पुढेही करायला तयार होता. त्याला फक्त खोटे बोलायचे नव्हते.

आपल्याकडचा अलीकडचा खटला याहून अवघड आहे. घोडदळाच्या परंपरेतल्या एका रेजिमेंटमधला एक ख्रिस्ती अधिकारी आपल्या शीख जवानांबरोबर साप्ताहिक धार्मिक परेडला जाई; पण मंदिराच्या गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घेणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढण्यात आले. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीत हस्तक्षेप करायला नकार दिला. लष्कराचे म्हणणे असे, की जवानांची श्रद्धा हीच त्यांची लढण्याची ऊर्मी असते. त्यांचा म्होरक्या उंबऱ्याबाहेर राहिला तर फळीत फट पडते. हे म्हणणे हलके नाही. मूलभूत हक्कांना सैन्यापुरती मर्यादा घालण्याचा अधिकार घटनेच्या तेहतिसाव्या कलमाने संसदेला दिलेला आहे. पण १९८६ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल प्रकरणात, राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभ्या राहणाऱ्या परंतु न गाणाऱ्या केरळातल्या मुलांच्या बाजूने निकाल दिला होता, हेही विसरता येत नाही. शाळा म्हणजे छावणी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही वाटते, की आज्ञापालन एवढे कडक असणार असेल, तर त्याआधीचा होकार तितकाच स्वच्छ आणि समजून-उमजून घेतलेला असायला हवा. आत गेल्यावर निवड उरत नसेल, तर दारातली निवड खरी हवी.

आणि आपल्याकडे नेमकी तीच खरी असते का? अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात दोन भाऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरच्या ढिगाऱ्यांतून माणसे काढणारे जवान ज्यांनी पाहिले, ते आज बाप झाले आहेत. त्यांना वर्दीचा आदर आहे आणि मुलाच्या पगाराची गरजही. नवस आईने बोललेला, अकादमीची फी मामाने भरलेली, शब्द सगळ्या भावकीत गेलेला. अशा वेळी मुलगा ‘हो’ म्हणतो तो त्याचा असतोच, नाही असे नाही. पण त्यात घराचा, दुष्काळाचा आणि गावाच्या नजरेचा वाटा किती, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. मी याला जुलूम म्हणत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे व्यवसाय असेच ठरले. फरक एवढाच, की आपल्याला कुणी जिवावर बेतले तरी हुकूम पाळण्याची शपथ घ्यायला लावली नव्हती.

दुसऱ्या होकाराची गोष्ट वेगळी. पंधरा वर्षे सेवा झाली की शिपायाला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. त्याने तोवर सीमा पाहिलेली असते, सोबतीच्या माणसाला खांदा दिलेला असतो, लेकीचे बारसे फोनवरून ऐकलेले असते. आता तो जे म्हणेल ते जाणून म्हणेल. बराकीत त्याला दोनच शब्द आहेत, ‘विलिंग’ आणि ‘अनविलिंग’.

कळंब तालुक्यातल्या एका निवृत्त जवानाने मला याविषयी सांगितले. मुदतवाढ मिळण्यात त्याला अडचण नव्हती, वरिष्ठांचे मत चांगले होते. तरी त्याने ‘अनविलिंग’ लिहून दिले. मुलगी नववीत गेली होती, आईला दिसेनासे झाले होते, आणि आता पुरे असे त्याला वाटत होते. घरी फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे आधी शांतता पसरली. मग चुलते म्हणाले, “आणखी दोन वर्षं मिळत असताना कुणी सोडून येतंय का रं? लोक काय म्हणतील, काढून टाकलं म्हणतील.” वडील काहीच बोलले नाहीत. गावाने मिरवणूक काढली, पण भाषणांत एकानेही तो स्वतःहून आला असे म्हटले नाही. सगळे ‘सेवा पूर्ण करून’ असेच म्हणाले. “खोटं नव्हतं ते,” तो मला म्हणाला, “पण माझा निर्णय होता, त्याचं कुणी नाव घेतलं नाही.”

त्याच्याच पलटणीतल्या, आपल्याच भागातल्या दुसऱ्या एकाने त्याच महिन्यात ‘विलिंग’ लिहून दिले होते. त्याच्यावर घराचे कर्ज होते आणि त्याने व बायकोने दोन रात्री बोलून ते ठरवले होते. त्याचे गावात कौतुक झाले, पण तेही ‘देशासाठी थांबला’ या शब्दांत. कर्जाचा आणि बायकोच्या संमतीचा उल्लेख करायला कुणी धजले नाही. मला दोघेही सारखेच थोर वाटतात. दोघांनीही प्रश्न नीट ऐकून त्याचे खरे उत्तर दिले. आपण मात्र एकाचे उत्तर झाकले आणि दुसऱ्याच्या उत्तरावर आपल्याला हवी ती झूल चढवली.

हे सारे आताच बोलायचे कारण असे, की यापुढे दुसऱ्या होकाराचा प्रश्न गावोगाव येणार आहे, आणि तोही ऐन तरुणपणी. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीराची मुदत चार वर्षांची. ती संपल्यावर नियमित सेवेसाठी अर्ज करायचा. जाहीर केल्याप्रमाणे जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुन्हा नोंदवून घ्यायचे, ते किमान आणखी पंधरा वर्षांसाठी. उरलेल्यांनी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी यायचे, निवृत्तिवेतन नाही. २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाला बसलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२७ च्या आरंभी भरतात.

आता एका गावातून गेलेले चार मित्र डोळ्यांसमोर आणा. एकाने पुन्हा हो म्हटले आणि त्याचा होकार स्वीकारला गेला. दोघांनी हो म्हटले, पण तो स्वीकारला गेला नाही. चौथ्याने अर्जच केला नाही. त्याला पुढे शिकायचे आहे, किंवा दुकान टाकायचे आहे, किंवा हे आपले काम नव्हे हे त्याला प्रामाणिकपणे उमगले आहे. सेवापूर्तीच्या मिरवणुकीची रीत आपण पाडली ती निवृत्तिवेतन घेऊन येणाऱ्या पस्तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी. तेवीस-चोवीस वर्षांच्या या तिघांचे काय करायचे? जीप त्यांच्यासाठीही काढणार, की ते रात्रीच्या एसटीने गुपचूप उतरणार? दोघांना ‘नापास’ आणि चौथ्याला ‘पळपुटा’ म्हणायला गावातल्या पारावर वेळ लागणार नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

मला नवा सोहळा सुचवायचा नाही. सोहळे आपल्याकडे उदंड आहेत. पण आहेत त्यांत थोडी जागा करता येईल. रेजिमेंटच्या केंद्रांनी कसम परेडच्या आधी प्रत्येक रंगरुटाला त्याच्या भाषेत सांगावे, की ग्रंथावर हात ठेवून शपथ घेता येते तशी कायद्याने साधी प्रतिज्ञाही करता येते. ज्यांना पुन्हा नोंदवून घेतील त्यांच्या दुसऱ्या होकाराच्या वेळी आईवडिलांना, असल्यास पत्नीला, एकदा बोलवावे. पहिल्या वेळी पदक लावले तेव्हा ती माणसे होतीच. आणि गावाने एवढेच करावे, की ग्रामसभेत चारही मुलांना एकाच दिवशी, एकाच नारळाने सत्कारावे आणि कुणाला का ठेवले, कुणी का सोडले, हा प्रश्न व्यासपीठावरून वा पारावर विचारू नये. त्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडे मात्र माझे एक वेगळे मागणे आहे. भरतीच्या अर्जावर सही होण्याआधी, नवस बोलण्याच्याही आधी, मुलाला एकट्याला घेऊन शेताच्या बांधावर जावे आणि विचारावे, “तुला जायचंय का?” आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे. तुळजाभवानीच्या दारात नवस फेडायला पुढे कधीही जाता येईल. आई कुणावर रागावत नाही. पण ज्याला शपथ घ्यायची आहे त्याने ती घेण्यापूर्वी हा प्रश्न एकदा तरी, मायेच्या माणसाच्या तोंडून, ऐकलेला असावा. चार वर्षांनी पलटणीच्या कार्यालयात तोच प्रश्न छापील कागदावर पुढे येईल, तेव्हा उत्तर देण्याची त्याला सवय तरी झालेली असेल.